अर्धकथानक : दुःखाची खरी नोंद

व्यापारी घरांत लिखाणाची परंपरा जुनी आहे. परंतु ते लिखाण बहुधा वहीचे. दीपावलीला चोपडापूजन होते, नव्या वहीवर श्रीकार उमटतो आणि पुढे वर्षभर देणे-घेणे, आवक-जावक, मुद्दल-व्याज यांची नोंद नियमाने होत राहते. घरात कोण आले, कोण गेले, मन कशाने उभारले आणि कशाने खचले, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी आग्र्यातील एका जैन जवाहिऱ्याने ती ठेवली, आणि वहीला शोभेल अशाच सचोटीने ठेवली. त्यांचे नाव कविवर बनारसीदास. त्यांच्या त्या नोंदवहीचे नाव ‘अर्धकथानक’.

विक्रम संवत 1698, म्हणजे इसवी सन 1641 मध्ये त्यांनी हा ग्रंथ पूर्ण केला. दोहा-चौपाईची 675 पद्ये, आणि त्यांत स्वतःच्या आयुष्याची पंचावन्न वर्षे. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, तर आपली ही अर्धीच कथा, या हिशेबाने त्यांनी ग्रंथाला हे नाव दिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याचा गौरव करतात. तथापि जैन व्यापारी कुटुंबांनी ते वाचावे, याचे कारण वेगळे आहे. दुकान, धर्म, शोक आणि काव्य ही चारही खाती एकाच माणसाच्या नावे असली म्हणजे तो ती कशी सांभाळतो, हे त्यात दिसते.

बनारसीदासांचा जन्म संवत 1643, म्हणजे इ.स. 1586 चा, जौनपूर येथील श्रीमाळ कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. आधीची अपत्यहानी सोसलेल्या या पित्याने बाळाला काशीच्या पार्श्वनाथ मंदिरात नेले. तेथील पुजाऱ्याने दृष्टांताचा आव आणून, भगवंतांच्या या जन्मनगरीचे नाव मुलाला दिल्यास तो दीर्घायुषी होईल, असे सांगितले, आणि ‘विक्रमाजीत’चा ‘बनारसीदास’ झाला. पुजाऱ्याचे हे सोंग पुत्राने पुढे आपल्या ग्रंथात सरळ लिहून टाकले. पित्याची श्रद्धा आणि पुजाऱ्याची लबाडी, दोन्ही आपापल्या रकान्यात. पुढच्या सगळ्या लेखनाचा स्वभाव या एका प्रसंगातूनच कळतो.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. नववधू घरी आली त्याच दिवशी घरात एका कन्येचा जन्म झाला आणि त्याच दिवशी घरातील वृद्ध आजीने देह ठेवला. एकाच छपराखाली स्वागत, सुईर आणि सुतक. बारा भावनांत अनित्यभावना पहिली सांगितली आहे. या घरात ती पाठ करण्याआधीच अंगणात येऊन उभी राहिली होती.

व्यापाऱ्याच्या मुलाने फार शिकू नये, दुकानात बसावे, असे घरच्या वडीलधाऱ्यांचे मत होते. मुलगा मात्र मुनी भानुचंद्रांजवळ स्तोत्रे, छंद, कोश शिकत राहिला. आणि त्याच वयात प्रेमप्रकरणांतही गुंतला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याने नवरसांवर हजार पद्यांची एक रचना केली. तिच्यात भर शृंगाराचाच होता. इ.स. 1605 मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपूरला पोहोचली. जिन्यावर बसलेला हा तरुण ती ऐकताच भोवळ येऊन खाली पडला आणि त्याचे डोके फुटले. शहरात काही दिवस भयाचे सावट होते. दुकाने बंद, दागिने जमिनीत पुरलेले. त्याच सुमारास एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांना ती नवरसांची पोथी वाचून दाखवताना त्याच्या मनात आले, की एक असत्य बोलणाराही दोषी ठरतो, मग आपण तर हजार पद्ये कल्पनेने रचली. त्याने पोथी नदीत सोडून दिली. मित्र हळहळले, पाने वाहून गेली. आयुष्यभर लेखन करणाऱ्या माणसाचे हे पहिले मोठे नुकसान, आणि ते त्याने स्वतःच्या हातांनी केले.

पुढे व्यापाराची परीक्षा आली. 1610 च्या सुमारास खरगसेनांनी पुत्राच्या हवाली जवाहीर, तूप, तेल आणि जौनपूरचे कापड केले व त्याला आग्र्यास धाडले. पेठ अनोळखी, भाव अनोळखी, अनुभव तोकडा. तूप-तेलात फारसे सुटले नाही, कापडात तोटा आला, काही रत्ने गहाळ झाली. भांडवल संपले तशी बाजारात जाण्याची लाज वाटू लागली. त्या दिवसांत ते घरातच असत आणि सायंकाळी ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ या प्रेमकथा गाऊन वाचत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला असे. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेत. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात सांगून टाकले, की आपल्याजवळ काहीही उरलेले नाही, यापुढे उधार देणे त्याच्या हिताचे नाही. कचोरीवाला म्हणाला, खुशाल खा. पैसे मिळतील तेव्हा मिळतील. अनेक महिने हे चालले आणि पुढे हातात पैसा येताच बनारसीदासांनी त्याचे देणे फेडले. दिवाळखोरीच्या काठावरही ऋणकोने स्वतःची स्थिती धनकोला आपण होऊन सांगावी, ही पतीची पहिली कसोटी. ती ते उतरले.

घरच्या माणसांनीही त्यांना सांभाळले. खैराबादला सासुरवाडीस गेले असता रात्री पत्नीने खोदून विचारले, तेव्हा त्यांनी खरी स्थिती सांगितली. तिने स्वतः जपून ठेवलेले वीस रुपये काढून दिले आणि आईशी बोलून, कोणाला कळू न देता, आणखी दोनशे मिळवून दिले. त्या भांडवलावर ते पुन्हा आग्र्यास गेले. पत्नीचे नाव ग्रंथात नाही. पण तिचे वीस रुपये आहेत, आणि ते रकमेसह आहेत.

ही पत्नी 1613 च्या सुमारास निवर्तली. तिच्यापाठोपाठ तिचे नवजात बालकही गेले. बनारसीदास तेव्हा व्यापारानिमित्त परगावी होते. निरोप घेऊन आलेल्या एकाच न्हाव्याने पत्नीच्या मृत्यूची वार्ता आणि तिच्याच धाकट्या बहिणीशी ठरलेल्या सोयरिकीचा निरोप, दोन्ही एकत्र आणले. या प्रसंगाला त्यांनी लोहाराच्या सांडशीची उपमा दिली आहे; क्षणात आगीत, क्षणात पाण्यात. त्याच वर्षी त्यांनी धनंजयाच्या संस्कृत ‘नाममाला’ या कोशाच्या आधारे देशभाषेत ‘नाममाला’ रचली. शब्द आणि त्यांचे पर्याय छंदात बसवण्याचे हे काम चिकाटीचे, जवळजवळ हिशेबनिसाचे. शोक व्यक्त करणारे काव्य त्या वेळी त्यांनी लिहिले नाही, कोश लिहिला. दुःखात माणसाला प्रतिभेचे काम जमतेच असे नाही. परंतु नियमाचे काम करता येते, आणि ते काम त्याला तारून नेते, हे दुकान चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

1616 च्या सुमारास पिता खरगसेन गेले. भागीदार आणि जिवलग मित्र नरोत्तमदास यांच्या मृत्यूची वार्ताही परगावीच कानी आली. आग्र्यात प्लेगने थैमान घातले. अंगावर गाठ उठावी आणि माणूस जावा, उंदीर पटापट मरावेत, वैद्यांनीही प्राण सोडावेत, असे वर्णन त्यांनी केले आहे, आणि इतिहासाचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. नगर सोडून तेही जवळच्या एका गावी राहिले. याच काळात सबलसिंह मोठिया या धनिकाशी असलेला भागीदारीचा हिशेब मिटता मिटत नव्हता. शेठजी गाण्या-बजावण्यात दंग आणि बनारसीदास दारात तिष्ठत. मृत्यूच्या नोंदीशेजारी अडकलेल्या हिशेबाची नोंद आहे. घरात सुतक असले, तरी बाजाराची देणी-घेणी थांबत नाहीत. त्यांनी ते लपवलेले नाही.

धर्माचे खातेही असेच चढ-उताराचे आहे. घराणे श्वेतांबर खरतरगच्छाचे. पूजा, सामायिक, प्रतिक्रमण हा नित्यक्रम. तारुण्यात एका संन्याशाने दिलेला मंत्र ते वर्षभर जपत राहिले, दारात रोज एक मोहर सापडेल या आशेने. वर्ष संपले, मोहर सापडली नाही. तीही फजिती त्यांनी लिहिली. 1623 मध्ये आग्र्याच्या अध्यात्मप्रेमी मंडळींतील अर्थमल यांनी त्यांच्या हाती आचार्य कुंदकुंदांचा ‘समयसार’ राजमल्लांच्या बालबोध टीकेसह दिला. आत्मा शुद्ध, बुद्ध, कर्माहून भिन्न, हा निश्चयनयाचा विचार त्यांना इतका भावला, की व्यवहारधर्म व्यर्थ वाटू लागला. जप, सामायिक, प्रतिक्रमण सुटले. तिघा मित्रांसह बंद खोलीत निर्ग्रंथ मुनी झाल्याचे सोंग करण्यापर्यंत मजल गेली. लोक नावे ठेवू लागले. ग्रंथ वाचला, पण पायरी कळली नव्हती.

ती पायरी 1635 मध्ये कळली. पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी ‘गोम्मटसार’ समजावून सांगितला. जीव एकाएकी शिखरावर जात नाही; चौदा गुणस्थाने आहेत, आणि ज्या स्थानी जो उभा, त्या स्थानाला साजेशी क्रिया त्याने करावी. निश्चय आणि व्यवहार परस्परांचे शत्रू नाहीत. बनारसीदासांची डळमळ थांबली. पुढच्याच वर्षी, 1636 मध्ये, आचार्य अमृतचंद्रांच्या कलशांवर आधारलेले ‘समयसार नाटक’ त्यांनी पूर्ण केले. सातशेहून अधिक पद्यांचा हा ग्रंथ आजही स्वाध्यायमंडळांत गायला जातो. रंगभूमीवर नाना वेष घेऊन नाचणारे कर्म आणि ते सारे केवळ पाहणारा ज्ञाता आत्मा, असे त्याचे रूप आहे.

येथे ही कथा संपली असती, तर ती एका साधकाच्या यशाची कथा झाली असती. परंतु अजून एक नोंद शिल्लक होती.

बनारसीदासांचे तीन विवाह झाले. नऊ अपत्ये झाली. सात पुत्र आणि दोन कन्या. त्यांतील एकही वाचले नाही. शेवटचा उरलेला पुत्र नऊ वर्षांचा होऊन 1639 मध्ये गेला. ‘समयसार नाटक’ पूर्ण होऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. आत्मा अजर-अमर, संयोग तेथे वियोग, हे ज्याने शेकडो पद्यांत गायले, त्याच्या घरातील शेवटचा पाळणा रिकामा झाला. अशा वेळी धर्मग्रंथाच्या कर्त्याने काय लिहावे? ज्ञानाच्या बळावर शोक जिंकला, असे लिहिले असते, तर कोणी शंका घेतली नसती. समाजाची अपेक्षाही तीच असते. बनारसीदासांनी लिहिले ते उलट. संसार ओसाड वाटू लागला, दोन वर्षे अशीच गेली, तरी मोह शांत झाला नाही, असे त्यांनी स्वच्छ नोंदवले. आणि त्या दोन वर्षांच्या शेवटी, शोक न संपताच, त्यांनी ‘अर्धकथानक’ लिहिले.

ही कबुली म्हणजे श्रद्धेचा पराभव नव्हे. जैन कर्मसिद्धांत या बाबतीत अतिशय सूक्ष्म आहे. मोहनीय कर्माचे दोन भेद: दर्शनमोहनीय आणि चारित्रमोहनीय. पहिले श्रद्धा झाकोळते, दुसरे आचरण. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद या नऊ नोकषायांत शोकाची गणना होते, आणि नोकषाय चारित्रमोहनीयात मोडतात. म्हणजेच श्रद्धा निर्मळ असूनही शोकाचा उदय असू शकतो. इष्टवियोगाचे चिंतन हे आर्तध्यान आहे, त्याज्य आहे, हे खरेच; परंतु तेच आर्तध्यान कोणाला संभवते, हे सांगताना ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या नवव्या अध्यायात अविरताबरोबर देशविरताचा आणि प्रमत्तसंयताचाही उल्लेख आहे. व्रती श्रावक सोडाच, सहाव्या गुणस्थानातील मुनीही त्यात येतात. मोह पूर्ण उपशांत होतो तो अकराव्या गुणस्थानात. मग दुकानातून घरी आलेल्या आणि घरात मूल नसलेल्या गृहस्थाने दोन वर्षांत तो शमला नाही असे लिहिले, तर त्याने शास्त्राला बट्टा लावला नाही. शास्त्राने सांगितलेली आपली पायरी अचूक ओळखली. ‘गोम्मटसारा’चा पाठ त्यांच्या जीवनात उतरला होता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्या समाजात शोकाच्या प्रसंगी एक घाई आढळते. उठावण्याच्या बैठकीतच माउलीला सांगितले जाते, की आयुष्यकर्म तेवढेच होते, रडल्याने कर्मबंध होतो, मोह सोडा. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि सिद्धांतही खोटा नसतो. चुकते ती वेळ. अकराव्या पायरीची भाषा चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या माणसाला ऐकवली जाते. परिणाम असा होतो, की शोक कमी होत नाही, लपतो. घरातील कर्ता पुरुष तेराव्या-चौदाव्या दिवशी दुकान उघडतो, गल्ल्यावर बसतो, हसून बोलतो. आणि आतला हिशेब वर्षानुवर्षे जुळत नाही. प्रतिक्रमणाचे मूळच मुळी आलोचनेत आहे, आणि आलोचना म्हणजे जे आहे ते आहे तसे सांगणे. नोंदच खोटी असेल, तर शुद्धी कशाची करायची?

‘अर्धकथानका’च्या अखेरीस बनारसीदासांनी स्वतःचा ताळेबंद मांडला आहे. आधी गुण: क्षमाशीलता, संतोष, काव्य उत्तम रीतीने म्हणण्याची हातोटी, अनेक भाषांची जाण, निष्कपट बोलणे. मग दोष: लक्ष्मीचा लोभ, घर सोडून जावेसे न वाटणे, हसण्या-खिदळण्याची सवय, उगाच भयभीत होणे, एकांतात नाचू लागणे. जमेची बाजू फुगवलेली नाही आणि नावेची बाजू दडवलेली नाही. ग्रंथ लिहिल्यावर ते फार काळ जगले नाहीत. 1643 च्या सुमारास त्यांचा देहांत झाला असे मानतात. अर्धी म्हणून लिहिलेली कथा अशा रीतीने जवळजवळ पूर्णच ठरली. त्यांच्या स्फुट रचना आग्र्याच्या जगजीवन यांनी पुढच्याच वर्षी ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र केल्या. अपत्य एकही मागे राहिले नाही, वाणी राहिली.

या ग्रंथाचा एक धागा आपल्या मुंबईशीही जुळतो. गिरगावातील हिराबागेत ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ ही प्रकाशनसंस्था चालवणारे पंडित नाथूराम प्रेमी हे जैन साहित्याचे थोर संशोधक. 1942 हे त्यांच्या ‘जैन साहित्य और इतिहास’ या ग्रंथाच्या प्रकाशनाचे वर्ष. आणि त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक तरुण पुत्र गेला. साठी ओलांडलेल्या पित्याने पुढच्या वर्षी, 1943 मध्ये, ‘अर्धकथानक’ संपादून प्रसिद्ध केले. अपत्यवियोग सोसलेल्या एका कवीचा मजकूर अपत्यवियोग सोसणारा दुसरा लेखक ओळीओळीने तपासत होता, पाठभेद पाहत होता, मुद्रिते वाचत होता. त्या कामाने त्यांचे दुःख हलके झाले की नाही, हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. काम झाले, एवढे निश्चित. 1957 मध्ये त्यांनी त्याच ग्रंथाची सुधारित आवृत्तीही काढली; म्हणजे त्या पानांकडे ते पुन्हा वळले.

ज्या घरात नुकताच वियोग घडला आहे, तेथे उपदेशापेक्षा सोबत अधिक उपयोगी पडते. स्वाध्याय चालू राहावा, दुकान चालू राहावे, ज्याला लिहिता येते त्याने दिवसाकाठी चार ओळी लिहाव्यात, ज्याला लिहिता येत नाही त्याचे कोणीतरी ऐकावे. आणि त्यात डोळ्यांतून पाणी आले, तर ते श्रद्धेच्या कमतरतेत धरू नये. मोह केव्हा शमेल, याची तिथी कोणाला ठरवून देता येत नाही. बनारसीदासांनाही ती माहीत नव्हती. त्यांनी त्या दिवसाची शिल्लक खरी लिहिली आणि लेखणी पुढच्या पद्याकडे वळवली.